विश्लेषण : मुशीच्या आतड्यातले वळण आणि निकोला टेस्ला यांचे विस्मरणात गेलेले पेटंट

वर्सोव्याच्या बंदरावर, म्हणजे कोळी बांधवांच्या वेसाव्यात होड्या लागल्या, की बोंबील, मांदेली, कोळंबीच्या टोपल्यांमध्ये अधूनमधून मुशीही दिसते. मुशी म्हणजे छोटा शार्क. मालवणकडे तिला मोरी म्हणतात. कालवणासाठी मुशी साफ करताना पोट फाडून आतडे काढले जाते आणि फेकून दिले जाते. हे आतडे बाहेरून आखूड आणि जाडसर नळीसारखे दिसते. आत मात्र पातळ पडद्याची गुंडाळी असते. शार्कच्या आतड्यातील अशा वळणांचा २०२१ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा शास्त्रज्ञांना एका विद्युत अभियंत्याची आठवण झाली. तो अभियंता होता निकोला टेस्ला. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घेतलेले एक पेटंट शार्कच्या पोटापर्यंत कसे पोहोचले?

मुशीच्या आतड्यात असे काय असते?

मुंबईच्या किनाऱ्यावर सर्रास मिळणाऱ्या छोट्या मुशीचे शास्त्रीय नाव स्कॉलिओडॉन. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असेल, कारण विच्छेदनासाठी वर्षानुवर्षे हाच मासा टेबलावर असे. भारतीय प्राणिशास्त्राच्या ग्रंथमालेत १९२८ मध्ये इव्हँजेलिन थिल्लयमपलम यांनी या एकाच माशावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते.

स्कॉलिओडॉनच्या आतड्याच्या आतल्या अस्तराची एक लांब घडी असते. ती कागदाच्या सुरळीसारखी स्वतःभोवती गुंडाळलेली असते. इतर काही शार्कमध्ये हीच घडी गोल जिन्यासारखी वर चढत जाते. काहींमध्ये एकात एक बसवलेल्या नरसाळ्यांसारखी रचना असते. त्यातही काही जातींत नरसाळ्यांची तोंडे पुढे, तर काहींत मागे असतात. बोंबील, पापलेट यांसारख्या हाडांच्या माशांमध्ये अशी रचना नसते.

या वळणांचा पहिला फायदा जागेचा. शार्कच्या पोटाची बरीचशी जागा त्याचे मोठे यकृत व्यापते. लांबलचक आतडे वेटोळे घालून ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळे नळी आखूड ठेवून आतल्या आत पृष्ठभाग वाढवला जातो. अन्न सरळ पुढे सरकण्याऐवजी वळणावळणाने जाते. वाटेत अस्तराशी त्याचा जास्त काळ संबंध येतो आणि पोषक द्रव्ये शोषून घ्यायला वेळ मिळतो. शार्कला रोज शिकार मिळेलच असे नसते. मिळालेल्या घासातून जास्तीत जास्त काढून घेणे, हा त्याच्या जगण्याचा प्रश्न असतो.

ही रचना फार जुनी आहे. माशांच्या जीवाश्म झालेल्या विष्ठेतही मळसूत्री आकार सापडतात. १९व्या शतकात इंग्लंडमधील भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी आजच्या छोट्या शार्कच्या आतड्यात सिमेंट भरून तसाच आकार तयार होतो का, हे पडताळून पाहिले होते. पण या वळणातून प्रवाह नेमका कसा जातो, हा प्रश्न अभियांत्रिकीचा होता. त्याचे उत्तर शोधताना टेस्ला यांचे नाव पुढे आले.

टेस्ला आणि पाणी यांचा संबंध काय?

टेस्ला म्हटले की वीज आठवते. पण त्यांच्या बालपणीच्या काही आठवणी पाण्याच्या आहेत. त्यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियात आहे. कुटुंब सर्बियन होते. वडील मिलुतिन ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू होते. आई फारशी शिकलेली नव्हती, पण घरकामाची अवजारे स्वतः बनवत असे. थोरला भाऊ लहानपणीच घोड्याच्या अपघातात गेला आणि घरावर त्याची सावली कायम राहिली.

गावच्या ओढ्यावर लहानग्या निकोलाने पाणचक्की बनवली. साध्या पाणचक्कीला पाती असतात. निकोलाची चकती गुळगुळीत होती, तरी ती पाण्याच्या धारेने फिरत असे. ही चकती पुढे पन्नास वर्षांनी त्यांच्या कामात परत येणार होती.

कुटुंब गोस्पिच या गावी राहायला गेल्यावर तिथे नवा अग्निशमन बंब आला. उद्घाटनाला सारा गाव जमला. पंप जोरात चालू होता, पण पाण्याचा थेंब येईना. निकोलाने नदीत उतरून पाणी ओढणारी नळी चाचपली. ती चिमटली गेली होती. त्याने ती मोकळी करताच पाणी उसळले. यंत्र ठीक होते, बिघाड नळीच्या आकारात होता.

दुसरा प्रसंग जिवावरचा होता. नदीत पोहताना तो बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत वाहत गेला. भिंतीला धरून असताना प्रवाहाचा रेटा वाढत होता आणि हात सुटायच्या बेतात होते. पाण्याचा दाब जितक्या क्षेत्रफळावर पडतो, तितका रेटा जास्त, हे त्याला आठवले. त्याने शरीर डाव्या कुशीवर वळवले. रेटा कमी झाला आणि तो हळूहळू काठापर्यंत सरकला. डावी कूस सोलून निघाली, पण जीव वाचला. आकार आणि दिशा बदलली की प्रवाहाचे बळ बदलते, हा धडा त्याला स्वतःच्या अंगावर मिळाला.

कॉलऱ्याने अभियंता कसा घडवला?

वडिलांना मुलाने धर्मगुरू व्हावे असे वाटत होते. निकोलाला अभियंता व्हायचे होते. १८७३ मध्ये शाळेचे शिक्षण संपवून तो गोस्पिचला परतला, तेव्हा त्या भागात कॉलऱ्याची साथ होती. घरी पोहोचताच त्याला कॉलरा झाला. त्यानंतर जवळपास नऊ महिने तो अंथरुणाला खिळला होता. अनेकदा आशा सोडून देण्याची वेळ आली. अशाच एका क्षणी, बरा झालास तर तुला उत्तम तंत्रशिक्षण देईन, असे वडिलांनी कबूल केले. मुलगा बरा झाला आणि वडिलांनी शब्द पाळला.

कॉलऱ्यात नेमके काय बिघडते, हे समजून घेतले तर आतड्याचे कामही समजते. माणसाच्या लहान आतड्यात रोज सुमारे आठ ते नऊ लिटर द्रव येतो. त्यात आपण प्यायलेले पाणी थोडे असते. लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचकरस यांचा वाटा मोठा असतो. यातील बहुतांश द्रव लहान आतडे परत शोषून घेते आणि एक-दीड लिटरच मोठ्या आतड्यात जातो.

माणसाच्या आतड्यात शार्कसारखी मळसूत्री गुंडाळी नाही. आपल्याकडे नळी लांब आहे. तिच्या आत गोल घड्या आहेत, घड्यांवर मखमलीसारखे बोटांच्या आकाराचे बारीक उंचवटे आहेत आणि प्रत्येक पेशीवर आणखी सूक्ष्म केस आहेत. पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत आतड्याचा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा सांगितला जाई. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये नव्याने मोजमाप केले, तेव्हा पचनमार्गाचा एकूण पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे साधारण अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाएवढा निघाला.

कॉलऱ्याचे जंतू हे अस्तर फाडत नाहीत. त्यांचे विष पेशींना क्षार आणि पाणी उलट बाहेर टाकायला लावते. जो पृष्ठभाग शोषण्यासाठी आहे, त्यावरूनच पाणी वाहू लागते. शोषणापेक्षा प्रवाह जास्त झाला की काही तासांत शरीर कोरडे पडते. हे विषाचे काम आहे, हे कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यांवर प्रयोग करून १९५९ मध्ये दाखवून दिले. टेस्ला आजारी पडले तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. मीठ-साखरेच्या पाण्याचा उपायही शंभर वर्षे दूर होता.

वीज आणि प्रसिद्धीचा काळ

टेस्ला १८७५ मध्ये ग्राझच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. सुरुवातीला उत्तम गुण मिळाले, पण पदवी पूर्ण झाली नाही. १८७९ मध्ये वडील गेले. बुडापेस्टमध्ये टेलिफोन कंपनीत नोकरी करताना १८८२ मध्ये त्यांना फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना सुचली. आलटून पालटून दिशा बदलणाऱ्या विजेवर, म्हणजे एसीवर, घासणारे भाग नसलेली मोटर चालवता येईल, हा तिचा गाभा होता.

१८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. थॉमस एडिसन यांच्या कंपनीत त्यांनी सुमारे सहा महिने काम केले. नंतर काढलेली स्वतःची कंपनी भागीदारांनी हातातून काढून घेतली आणि त्यांना पोटासाठी रस्त्याकडेचे चर खणावे लागले. १८८८ मध्ये चित्र पालटले. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी त्यांच्या मोटरची पेटंट वापरायला घेतली. १८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन एसी विजेने उजळले. १८९६ मध्ये नायगारा धबधब्यावर तयार झालेली वीज बफेलो शहरात पोहोचली.

मुंबईपर्यंत ही लाट यायला फार वेळ लागला नाही. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. घाटावर साठवलेले पावसाचे पाणी नळांतून खाली सोडायचे, त्यावर एसी वीज तयार करायची आणि तारांवरून शहरात आणायची, अशी ती व्यवस्था होती.

स्वतः टेस्ला मात्र तोवर अडचणीत आले होते. १८९५ मध्ये त्यांची प्रयोगशाळा जळून खाक झाली. १९०१ मध्ये त्यांनी वॉर्डनक्लिफ येथे बिनतारी संदेश आणि वीज पाठवण्यासाठी मनोरा बांधायला घेतला. बँकर जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले, पण पुढचे पैसे नाकारले. काम थांबले. हॉटेलचे थकलेले बिल भागवण्यासाठी १९१५ मध्ये ही मालमत्ताही लिहून द्यावी लागली. १९१७ मध्ये मनोरा पाडून भंगार विकण्यात आले.

पैसे संपल्यावर झडप कशी सुचली?

विजेच्या कामाला भांडवल मिळेना, तेव्हा टेस्ला यंत्रांकडे वळले. इथे बालपणीची गुळगुळीत चकती परत आली. १९१३ मध्ये त्यांना पाती नसलेल्या टर्बाइनचे पेटंट मिळाले. जवळजवळ बसवलेल्या सपाट चकत्यांमधून वाफ किंवा वायू जाताना तो चकत्यांना चिकटून त्यांना फिरवतो, अशी ही रचना होती.

हे टर्बाइन इंधनाच्या लागोपाठ छोट्या स्फोटांवर चालवायचे तर वायू एकाच दिशेने जायला हवा. त्यासाठी झडप लागते. झडप म्हणजे उघडझाप करणारा भाग. तापलेल्या वायूत तो जळतो, झिजतो, अडकतो. टेस्ला यांनी विचार केला, की हलणारा भागच नको. नळीचा आकारच असा करू, की एका दिशेने वायू सहज जाईल आणि उलटा येताना अडेल.

२१ फेब्रुवारी १९१६ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी ९३५ डॉलरच्या थकीत करासाठी ते न्यूयॉर्कच्या न्यायालयात उभे होते आणि आपल्याकडे पैसे नसल्याचे सांगत होते. पेटंट ३ फेब्रुवारी १९२० रोजी मंजूर झाले. त्याचा क्रमांक १३२९५५९.

ही झडप काम कशी करते?

अंधेरी स्थानकापासून वर्सोव्याकडे येणारा जे. पी. रोड डोळ्यांसमोर आणा. समजा, एका बाजूने येणाऱ्या गाड्यांना रस्ता सरळ मोकळा आहे. उलट्या दिशेने येणाऱ्या निम्म्या गाड्या मात्र प्रत्येक चौकात बाजूच्या गल्लीत वळतात, गल्ली अर्धगोल फिरून त्यांना पुन्हा मुख्य रस्त्यावर, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर आणून सोडते. पुढच्या चौकात पुन्हा तेच. रस्ता बंद नाही, पोलीस नाही, सिग्नल नाही. तरी त्या दिशेची वाहतूक तुंबणार.

टेस्ला यांच्या नळीत अशाच थेंबाच्या आकाराच्या गल्ल्या ओळीने आहेत. सुलट्या दिशेने जाणारा द्रव किंवा वायू त्यांना वळसा न घालता मधून निघून जातो. उलटा येणारा प्रवाह दुभंगतो, वळतो आणि स्वतःवरच आदळतो. प्रवाहच प्रवाहाला अडवतो.

कागदावर ही कल्पना सुंदर होती. पण न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये हुबेहूब आराखड्याप्रमाणे झडप बनवून मोजमाप केले, तेव्हा तिची मर्यादा स्पष्ट झाली. प्रवाह अगदी संथ असेल तर दोन्ही दिशांना सारखाच अडथळा होतो. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आत खळबळ सुरू होते आणि झडप एकदम कामाला लागते. तेव्हा उलट्या दिशेचा अडथळा साधारण दुप्पट होतो. प्रवाह सलग असण्यापेक्षा धक्क्याधक्क्याने येत असेल, तर ती अधिक चांगली चालते. मागे-पुढे हेलकावणाऱ्या द्रवाला एका दिशेने वाहते करण्यासाठी ती वापरता येते, हेही या संशोधकांनी दाखवले. विजेच्या भाषेत हे एसीचे डीसीत रूपांतर. एसीसाठी आयुष्य घालवलेल्या माणसाची झडप नेमके उलटे काम करते.

टेस्ला यांच्या हयातीत तिचे काय झाले?

फारसे काहीच नाही. पात्याविना चालणारे टर्बाइन बाजारात रुजले नाही, त्यामुळे त्याच्या जोडीची झडपही कागदावर राहिली. १९१७ मध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने टेस्ला यांना पदक दिले. त्या पदकाचे नाव होते एडिसन पदक. सन्मान झाला, उत्पन्न वाढले नाही.

पुढची अडीच दशके त्यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात मुक्काम हलवत काढली. त्यांच्या सवयी विचित्र वाटाव्यात अशा होत्या. जेवायला बसले की ताटलीतल्या पदार्थाचे, सूपच्या वाडग्याचे घनफळ मनात मोजल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. उतारवयात आहार दूध, भाज्या, मध, पाव एवढ्यावर आला. कबुतरांना दाणे घालणे हा रोजचा नेम होता. लग्न केले नव्हते. ७ जानेवारी १९४३ रोजी हॉटेल न्यूयॉर्करच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले. त्यांच्या अस्थी आज बेलग्रेडच्या संग्रहालयात आहेत.

झडपेला दिवस आले ते त्यानंतर. काचेच्या पट्टीवर केसाएवढ्या नळ्या कोरून त्यांतून द्रवाचे थेंब फिरवण्याचे तंत्र आले, तेव्हा एवढ्या लहान जागेत हलणारी झडप बसवणे अवघड होते. टेस्ला यांचा आकार मात्र थेट कोरता येत होता.

शार्कशी दुवा कसा जुळला?

शार्कच्या आतड्याची चित्रे शंभराहून अधिक वर्षे विच्छेदन करून काढली जात होती. पण आतडे कापले की गुंडाळी सैल होते आणि मूळ आकार बिघडतो. अमेरिकेतील सामंथा ली, डोनोव्हन जर्मन आणि अॅडम समर्स यांच्यासह काही संशोधकांनी वेगळा मार्ग घेतला. रुग्णालयात माणसांसाठी वापरतात त्या सीटी स्कॅन तंत्राने त्यांनी अनेक जातींच्या शार्कची आतडी न कापता आतून पाहिली आणि त्यांची त्रिमितीय चित्रे तयार केली.

त्यानंतर काही शार्कच्या आतड्यांतून पातळ आणि दाट द्रव सोडून ते किती वेगाने पुढे जातात, हे मोजले. आधी तोंडाकडून शेपटीकडे, मग उलट. दोन गोष्टी दिसल्या. वळणांमुळे द्रवाचा वेग कमी होतो. आणि काही रचनांमध्ये उलट्या दिशेने जायला द्रवाला जास्त वेळ लागतो. हलणाऱ्या झडपेशिवाय दिशा ठरत होती. जुलै २०२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच टेस्ला यांच्या झडपेचा उल्लेख होता.

आतड्यातला ऐवज पुढे ढकलण्यासाठी माणसाच्या शरीरात स्नायू सतत आकुंचन पावतात. त्यासाठी ऊर्जा लागते. शार्कच्या आतड्याचा आकारच अन्नाला योग्य दिशेने ठेवत असेल, तर त्या कामातली काही ऊर्जा वाचते. दिवसेंदिवस शिकार न मिळणाऱ्या प्राण्यासाठी ही बचत मोलाची आहे.

मग शार्कच्या पोटात टेस्ला झडपच असते का?

इथे थोडे सावध राहायला हवे. शास्त्रज्ञांनीही शार्कचे आतडे टेस्ला झडपेप्रमाणे काम करत असावे, असे शक्यतेच्या भाषेत म्हटले आहे. टेस्ला यांची नळी कडक आहे आणि तिला वेगवान प्रवाह लागतो. आतड्यातला ऐवज दाट असतो, संथ सरकतो आणि आतडे मऊ असते. प्रयोग शरीराबाहेर काढलेल्या आतड्यांवर झाले. जिवंत शार्कमध्ये स्नायूंची हालचाल, पाचकरस आणि अर्धवट पचलेले अन्न या सगळ्यांची भर पडते.

मऊपणाचे महत्त्व २०२४ मध्ये पुढे आले. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी शार्कच्या आतड्यावरून प्रेरणा घेऊन आत मळसूत्री घडी असलेल्या नळ्या थ्रीडी प्रिंटरवर छापल्या. कडक नळ्यांमध्येही दिशेचा फरक दिसला. रबरासारख्या मऊ नळ्यांमध्ये तो कितीतरी पटींनी वाढला. एका दिशेने द्रव येताना घडी दबून वाट मोकळी होते आणि उलट येताना तीच घडी फुगून वाट अडवते. टेस्ला यांनी धातूचा विचार केला होता. निसर्गाकडे लवचीक अस्तर होते.

म्हणून टेस्ला यांनी शार्कची नक्कल केली किंवा निसर्गाने टेस्ला यांचे तत्त्व वापरले, असे समाजमाध्यमांवर फिरणारे दावे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहेत. टेस्ला यांना तापलेल्या वायूचा प्रश्न सोडवायचा होता. शार्कमध्ये उपयोगी ठरलेली रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकत गेली. दोन्हीकडचा प्रश्न सारखा होता: हलणारा भाग न वापरता प्रवाहाला दिशा कशी द्यायची?

याचा उपयोग काय?

ज्या नळीत झडप गंजते, अडकते किंवा वीज पुरवणे अवघड असते, तिथे अशा रचना उपयोगी पडू शकतात. सांडपाण्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म कण वेगळे करण्यासाठी शार्कच्या आतड्यासारखी गाळणी बनवता येईल का, ही कल्पना २०२१ च्या संशोधकांनी मांडली आहे. प्रवाह मंदावला आणि पृष्ठभागाशी त्याचा संबंध वाढला, की कण अडकण्याची संधी वाढते. शरीरात अन्न शोषले जाते तेही याच तत्त्वावर. वैद्यकीय उपकरणांतील मऊ नळ्या हे आणखी एक क्षेत्र आहे.

वर्सोव्याच्या खाडीत आणि किनाऱ्यावर दर पावसाळ्यात येऊन पडणारे प्लास्टिक पाहता, पाण्यातून कण वेगळे करण्याचा प्रश्न इथल्या रहिवाशांना समजावून सांगायची गरज नाही. अशा गाळण्या अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. त्या आल्या तरी कचरा समुद्रात जाण्याआधी थांबवणे हाच पहिला उपाय राहील.

शार्क उरले तरच पुढचा अभ्यास

जगातील शार्क आणि पाकट यांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०२१ मधील मूल्यमापनात आढळले. याचे मुख्य कारण बेसुमार मासेमारी. शार्क अंड्यांचे ढीग घालत नाहीत. स्कॉलिओडॉनसारख्या जाती थेट पिल्लांना जन्म देतात, तीही एका वेळी मोजकीच. संख्या घटली की भरून यायला वेळ लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ असतो. त्याने माशांना थोडी उसंत मिळते, पण वर्षभर बारीक आसाच्या जाळ्यांत लहान पिल्ले सापडत राहिली तर तिचा फायदा उरत नाही. मोठ्या व्हेल शार्कला भारतात २००१ पासून कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. छोट्या मुशीकडे मात्र बाजारातली मासळी म्हणूनच पाहिले जाते.

वर्सोव्याला याचा अभ्यास करण्यासाठी दूर जायला नको. १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था इथेच, कोळीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मासे कोणत्या हंगामात, किती आणि कुठे मिळतात याचे ज्ञान कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. टेस्ला यांची झडप कागदावर शंभर वर्षे सुरक्षित राहिली, कारण पेटंटची प्रत जपून ठेवलेली होती. मुशीच्या आतड्याची प्रत फक्त जिवंत मुशीकडे असते.